थंडी सोसते, दुर्मिळपण सांभाळावं लागतं

स्पॅनियल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉकर उभा राहतो. लांब कान, पाणीदार डोळे, सोफ्याच्या कोपऱ्यात मुटकुळं करून झोपलेला. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत तो नांदला आहे. पण स्पॅनियल हे एका कुत्र्याचं नाव नाही, मोठ्या भावकीचं आहे, आणि त्या भावकीतली बरीच घरं ओस पडत चालली आहेत. क्लंबर, ससेक्स, फील्ड, आयरिश वॉटर, अमेरिकन वॉटर ही नावं इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक श्वानप्रेमींनीही ऐकलेली नसतात.

मी टोरोंटोत राहते. तीन हिवाळ्यांपूर्वी आमच्या घरी सहा वर्षांचा क्लंबर स्पॅनियल दत्तक आला. त्याचं कागदोपत्री नाव हॅमिश. नाशिकहून आलेल्या माझ्या आईने पहिल्याच आठवड्यात त्याचा हंबीरराव केला, आणि तो त्या हाकेलाही तितक्याच आनंदाने येतो. त्याला पाहिलं की इथली मराठी मंडळी हटकून एकच प्रश्न विचारतात, "एवढ्या थंडीत कसं गं निभतं त्याचं?"

कडाक्याच्या हिवाळ्याच्या शहरात असा दुर्मिळ स्पॅनियल दत्तक घ्यावा का, घ्यायचा तर कोणता, कुठून आणि कशाच्या तयारीने, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगते. थंडीवर उपाय आहेत आणि ते कुणालाही जमतात. खरी परीक्षा आहे ती दुर्मिळपणाची.

पहिल्या पंगतीचे मानकरी

अमेरिकन केनेल क्लब १८८४ सालचा. अगदी सुरुवातीला ज्या नऊ जातींना त्याच्या नोंदवहीत जागा मिळाली, त्यांत चार स्पॅनियल होते: कॉकर, क्लंबर, ससेक्स आणि आयरिश वॉटर. त्यांतला कॉकर घरोघरी पोहोचला, बाकीचे तिघे मागे पडले. ब्रिटनच्या केनेल क्लबने आपल्या बेटांवरच्या संकटात सापडलेल्या जातींची एक यादी केली आहे. वर्षाकाठी तीनशेपेक्षा कमी पिल्लांची नोंद होते, ती जात या यादीत जाते. हे तिघेही त्या यादीत आहेत, आणि त्यांच्या सोबतीला फील्ड स्पॅनियलही आहे.

असं का झालं? स्पॅनियलचं मूळ काम झुडपांत शिरून दडलेले पक्षी उठवायचं. बंदुका सुधारल्या, शिकारीची रीत बदलली आणि चपळ स्प्रिंगर स्पॅनियल सगळ्यांच्या पुढे गेला. धिम्या चालीच्या क्लंबर आणि ससेक्सला काम उरलं नाही. मग दोन महायुद्धं आली. माणसांनाच रेशनवर जगावं लागत होतं, तिथे मोठमोठ्या कुत्रेखान्यांना खायला घालणार कोण? दुसऱ्या महायुद्धातून ससेक्स तगला तो मुख्यतः जॉय फ्रीअर या एका बाईच्या चिकाटीमुळे.

फील्ड स्पॅनियलची कहाणी वेगळी आणि जास्त बोचणारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्वानप्रदर्शनांत लांबलचक, बुटक्या कुत्र्यांची टूम निघाली. बक्षिसांसाठी त्याचं धड लांबवत आणि पाय आखूड करत नेले, इतके की रानात त्याला धड चालता येईना. पुढे जाणत्या लोकांनी ही चूक निस्तरली, पण तोवर कुत्रे फारच थोडे उरले होते. आजचे सगळे फील्ड स्पॅनियल १९५०च्या दशकातल्या अवघ्या चार कुत्र्यांचे वंशज मानले जातात.

जात नामशेष होते म्हणजे काय, हेही या भावकीने पाहिलं आहे. इंग्लिश वॉटर स्पॅनियल १९३०च्या दशकानंतर कुणाला दिसला नाही. ट्वीड वॉटर स्पॅनियल त्याच्याही आधी संपला. त्याचं रक्त आज गोल्डन रिट्रीव्हरच्या अंगात आहे, पण तो स्वतः नाही.

कोण कुणाच्या घरात रुळेल?

क्लंबर हा भावकीतला सर्वांत वजनदार, २५ ते ३८ किलोंचा. पांढराशुभ्र, तोंडावर लिंबाच्या सालीच्या रंगाचे ठिपके. नाव पडलं नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लंबर पार्कवरून, ड्यूक ऑफ न्यूकासलच्या जहागिरीवरून. फ्रेंच सरदाराने क्रांतीच्या धामधुमीत आपले कुत्रे ड्यूककडे धाडले, ही कथा सगळीकडे सांगतात. पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या आदल्याच वर्षी, १७८८ साली, फ्रान्सिस व्हीटली या चित्रकाराने ड्यूकला या कुत्र्यांसह रंगवलं होतं, त्यामुळे ती कथा फारशी टिकत नाही. पुढे सातव्या एडवर्डने आणि पाचव्या जॉर्जने सँड्रिंगहॅमला ते पाळले. स्वभाव शांत, माणसाळलेला. पण लाळ गळते, केस बारा महिने झडतात आणि घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू येतं. यातलं एकही ज्याला चालणार नाही, त्याने क्लंबरच्या वाटेला जाऊ नये.

ससेक्स आकाराने त्याच्या निम्मा. रंग सोनेरी झाक असलेला तपकिरी, उन्हात तांब्याच्या घंगाळासारखा दिसतो. हा बोलका आहे. शिकारीतही आवाज देत काम करणारा स्पॅनियल अशीच त्याची ख्याती. चाळिशी उलटलेल्या इमारतीच्या पातळ भिंतींआड राहणाऱ्याने याचा विचार आधी करावा. २००९ साली वेस्टमिन्स्टरच्या नामांकित प्रदर्शनात 'स्टंप' नावाच्या दहा वर्षांच्या ससेक्सने सर्वोच्च मान मिळवला. इतक्या वयाचा विजेता तिथे त्याआधी झाला नव्हता. १९९६ साली तोच मान 'ब्रेडी' नावाच्या क्लंबरला मिळाला होता. एवढं कौतुक होऊनही दोन्ही जाती दुर्मिळच राहिल्या. टाळ्या मिळाल्याने पाळणारे वाढतातच असं नाही.

फील्ड मध्यम बांध्याचा, सोळा ते तेवीस किलोंचा, बहुतेक तपकिरी किंवा काळा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि रोज तासभर चालायची तयारी असलेल्या कुटुंबाला यातला कोणता सुचवशील असं कुणी विचारलं, तर मी फील्डचं नाव घेईन.

अमेरिकन वॉटर स्पॅनियल हा खरा थंडीतला गडी. विस्कॉन्सिनमधल्या वुल्फ आणि फॉक्स नद्यांच्या गारठलेल्या पाण्यातून, छोट्या होडीत बसून बदकांची शिकार करणाऱ्यांनी तो घडवला. न्यू लंडन गावच्या डॉ. फायफर यांनी त्याला जातीची ओळख मिळवून दिली. १९२० साली युनायटेड केनेल क्लबने आणि १९४० साली अमेरिकन केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. पुढे त्याच गावच्या शाळकरी मुलांनी पाठपुरावा केला आणि तो विस्कॉन्सिनचा राज्यश्वान झाला. कुरळ्या केसांखाली दाट मऊ अस्तर असल्याने बर्फाळ पाण्यातून बाहेर आला तरी अंगाशी कोरडा राहतो.

आयरिश वॉटर स्पॅनियल सर्वांत उंच. अंगभर दाट कुरळे केस आणि शेपटी मात्र उंदरासारखी उघडी. धावायला मोठं मैदान हवं आणि विंचरायला पुष्कळ वेळ हवा. तांबडा-पांढरा वेल्श स्प्रिंगर त्यामानाने थोडा जास्त दिसतो, पण कॅनडात तोही मोजकाच. तो माणसाला इतका चिकटतो की दिवसभर रिकाम्या घरात झुरतो. आणि एक कुत्रा तर बर्फाळ शहरांतच घडला. मॉस्को-लेनिनग्राडकडच्या लोकांनी कॉकर आणि स्प्रिंगरच्या संकरातून आपल्या हवेला आणि दलदलींना सोयीचा रशियन स्पॅनियल तयार केला. १९५१ साली त्याचे मापदंड ठरले. त्याचे केस मुद्दाम आटोपशीर ठेवले गेले. बर्फात लांब झालर अडचणीचीच ठरते, हे त्या लोकांना अनुभवाने कळलं असावं.

थंडी कुठे बोचते

टोरोंटोत जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंश, मॉन्ट्रियलला नऊ-दहा, विनिपेगला सोळाच्या आसपास. टोरोंटोतही वर्षातले काही दिवस उणे वीसला टेकतात. क्लंबरला हे नवं नाही. १८४४ साली हॅलिफॅक्सला आलेल्या व्हेनेबल्स नावाच्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने या जातीचे कुत्रे कॅनडात आणले, अशी नोंद आहे. म्हणजे इथल्या हिवाळ्याशी त्यांची ओळख पावणेदोनशे वर्षांहून जुनी.

कुत्र्याचे पंजे बर्फावर गोठत का नाहीत? २०११ साली जपानमधल्या संशोधकांनी पंजाच्या गादीतल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. पंजाकडे ऊब घेऊन जाणाऱ्या धमन्यांना शिरांचं जाळं बिलगलेलं असतं. गारठून परतणारं रक्त वाटेतच तापतं आणि शरीराची ऊब शरीरातच राहते. म्हणून निरोगी, प्रौढ, दाट केसांचा स्पॅनियल उणे दहात अर्धा-पाऊण तास सहज फिरतो. म्हातारे, आजारी, पिल्लं आणि नुकतीच केस कापून आलेली मंडळी यांना मात्र हा हिशेब लागू नाही. पाय उचलून उभं राहणं, थरथरणं, घराकडे ओढणं ही तिन्ही त्याची भाषा आहे. ती दिसली की मागे फिरायचं.

खरा त्रास झालरीचा. स्पॅनियलच्या पायांना, पोटाला, कानांना लोंबते केस असतात. ताजा, किंचित ओलसर बर्फ त्यांत अडकतो, गोठतो आणि करवंदाएवढ्या गोळ्यांचे घोस लगडतात. हंबीर पहिल्यांदा हाय पार्कातून फिरून आला तेव्हा लिफ्टच्या फरशीवर त्याच्या पायांचा टकटक आवाज येत होता. मी खाली वाकून पंजा हातात घेतला. बोटांच्या मधल्या केसांत बर्फाचा खडा घट्ट रुतला होता आणि त्याभोवतीची कातडी लालबुंद झाली होती. तो कुरकुरलासुद्धा नाही, नुसता पंजा माझ्या हातात देऊन उभा राहिला. त्या दिवसापासून नोव्हेंबर लागला की मी बोटांमधले केस गादीच्या पातळीला कातरते आणि बाहेर पडण्याआधी पंजांना मेण लावते. गोळे धरलेच तर ओढून काढायचे नाहीत, कोमट पाण्यात पाय धरला की आपसूक विरघळतात.

दुसरा शत्रू मीठ. बर्फ वितळवायला रस्त्यांवर, फूटपाथवर मीठ पसरतात. ते भेगांत शिरतं, झोंबतं, आणि कुत्रा पाय चाटतो तेव्हा पोटात जातं. आमच्या दाराशी आता कायम एक पसरट टब असतो. आत आलं की चारही पाय कोमट पाण्यात, मग पोटावरची झालर, मग पंच्याने कोरडं करणं. आई इथे होती तोवर त्यानंतर खोबरेल तेलाचा हात फिरायचा. कान लांब आणि झाकलेले, त्यामुळे ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. म्हणून कानही आतून पुसून कोरडे ठेवायचे. गाड्यांमधलं अँटिफ्रीझ चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक असतं, त्यामुळे पार्किंगमधल्या डबक्यांपासून कुत्र्याला लांब ठेवायचं.

या शहराच्या आठवणीत आणखी एक हिवाळा आहे, २००८-०९चा. रस्त्याकडेच्या दिव्यांच्या जोडण्यांतून वीज गळत होती. खारट, वितळलेल्या बर्फावर पाय ठेवताच शॉक बसून कुत्रे दगावले. पुढे शहरभर तपासणी होऊन दुरुस्त्या झाल्या. तरी ओल्या दिवशी दिव्याच्या खांबाला वळसा घालून जायची सवय इथल्या जुन्या श्वानपालकांना अजून आहे.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. क्लंबर किंवा ससेक्ससारख्या जाडजूड स्पॅनियलला टोरोंटोचा हिवाळा नव्हे, उन्हाळा जड जातो. जुलैतल्या दमट दुपारी तो धापा टाकतो. तेव्हा फिरणं पहाटे किंवा रात्री, आणि दुपारी थंड फरशी. जानेवारीत मात्र त्याला घरात बोलावून आणावं लागतं.

दुर्मिळपणाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. जातीची नोंदवही बंद असते. बाहेरचं रक्त आत येत नाही. मूळचे कुत्रे थोडे असले की काही पिढ्यांत सगळेच एकमेकांचे नातलग होतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहे. अशा जोडप्याच्या मुलाचा अंतःप्रजननाचा आकडा ६.२५ टक्के येतो. दुर्मिळ जातीचं पिल्लू घेताना हा आकडा विचारता येतो, आणि विचारावाच. चांगला ब्रीडर तो सांगताना अडखळत नाही.

याचे परिणाम दिसतात. क्लंबरमध्ये हिप डिस्प्लेजिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, फार आढळतं. पापण्या सैल असतात, त्या आत किंवा बाहेर वळतात आणि वाऱ्यात डोळे चुरचुरतात. क्लंबर आणि ससेक्स या दोघांत पीडीपी-वन नावाचा दोष आहे. पेशींना साखरेपासून शक्ती करता येत नाही आणि थोडं चाललं तरी कुत्रा कोसळतो. याचं गणित थॅलेसेमियासारखं आहे. आई-बाप दोघेही वाहक असले तरच पिल्लाला आजार होऊ शकतो. डीएनए चाचणीने वाहक ओळखता येतात. वाहकाची जोडी वाहक नसलेल्या कुत्र्याशी लावली तर आजारी पिल्लू जन्मत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. मोठ्या संख्येच्या जातीत वाहक कुत्रे सरसकट बाजूला काढले तरी निभतं. थोड्या संख्येच्या जातीत तसं केलं तर उरलेल्यांचं वर्तुळ आणखी आवळतं आणि दुसराच दोष डोकं वर काढतो. त्यामुळे दुर्मिळ जातीत प्रत्येक कुत्र्याची खरी माहिती जपावी लागते: खुब्याचा एक्स-रे, डोळे, वजन, आजार आणि अखेरीस मृत्यूचं वयसुद्धा. आपल्या मराठवाड्यातल्या कारवान आणि पश्मी कुत्र्यांनाही हेच लागू आहे. जात टिकवायला कौतुकासोबत नोंद लागते.

आणायचा कुठून?

पिल्लू हवं असेल तर वाट पाहायची तयारी ठेवा. वर्ष, कधी दोन वर्षं. कॅनडात 'शुद्ध जातीचा' म्हणून कुत्रा विकला तर नोंदणीचे कागद देणं विक्रेत्यावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. 'कागदांसह एवढे, कागदांशिवाय एवढे' असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. इंटरनेटवर आठवडाभरात पोहोचवतो म्हणणाऱ्याकडे दुर्मिळ स्पॅनियल नसतो, नुसता फोटो असतो.

माझ्या मते उत्तम वाट प्रौढ कुत्र्याची. प्रदर्शनांतून किंवा प्रजननातून निवृत्त झालेले पाच-सहा वर्षांचे कुत्रे ब्रीडर चांगल्या घरी देतात. कधी मालक आजारी पडतो, घर बदलतं, मग जातीचे क्लब त्या कुत्र्याला नवं घर शोधतात. अशा कुत्र्याचे खुबे कसे, डोळे कसे, स्वभाव कसा, हे कळून चुकलेलं असतं. आमच्याकडे हंबीर येण्याआधी लांबलचक प्रश्नावली भरावी लागली. जिने किती, कोण किती वेळ घरी, गावाला गेलात तर कुत्रा कुठे. करारात एक कलम होतं, कधीही सांभाळता आला नाही तर तो त्यांच्याकडेच परत द्यायचा. तेव्हा मला ते कडक वाटलं. आता वाटतं, मुलीला सासरी पाठवताना माहेरचं दार उघडं ठेवावं, तसं ते होतं.

भारतातून कुत्रा दत्तक आणायचा विचार बऱ्याच मराठी घरांत असतो. २८ सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने रेबीजचा धोका मोठा मानलेल्या देशांतून विक्रीसाठी किंवा दत्तक देण्यासाठी येणाऱ्या कुत्र्यांना बंदी घातली. त्या यादीत भारत आहे. भाड्याच्या घराबाबत मात्र दिलासा आहे. ऑन्टारिओच्या २००६च्या भाडेकरू कायद्यानुसार करारातली 'पाळीव प्राणी नकोत' ही अट रद्दबातल ठरते. पण कॉन्डोचे स्वतःचे नियम लागू पडतात, काही ठिकाणी कुत्र्याच्या वजनावरही मर्यादा असते. क्लंबर घेणाऱ्याने ते आधी वाचावेत. शहराचा परवाना आणि रेबीजची लस सक्तीची.

आपल्या स्वयंपाकघराबद्दलही एक सांगायला हवं. बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे शिरा, लाडू, रस्सा, भजी सगळं वर्ज्य. स्पॅनियल जन्माचा हावरट, डोळ्यांनी भीक मागणारा. पाहुण्यांना दारातच सांगून ठेवायचं.

मग घ्यावा का?

एक आक्षेप मी मनापासून मानते. निवारागृहांत बेवारस कुत्रे असताना विशिष्ट जातीच्या मागे का लागायचं? ज्याला फक्त सोबत हवी, त्याने निवारागृहातच जावं. रस्त्यात चारचौघांनी थांबून "ही कोणती जात?" विचारावं एवढ्यासाठी दुर्मिळ कुत्रा घेणाऱ्याने तर घेऊच नये. तो कौतुकाचा भर दोन महिन्यांत ओसरतो. पुढे दहा वर्षं उरतात ती लाळ, केस, टब आणि खुब्याचं दुखणं. शस्त्रक्रियेची वेळ आली तर खर्च हजारो डॉलरांत जातो.

पण ज्याला एखाद्या कुत्र्याबरोबर त्याच्या जातीचीही काळजी वाहायची आहे, त्याने जरूर घ्यावा. फील्डची सगळी भिस्त चार कुत्र्यांवर होती. ससेक्स एका बाईच्या अंगणात तगला. त्या वेळी ते कुत्रे ज्यांच्या घरी होते, ती तुमच्या-माझ्यासारखीच माणसं. त्यांनी जेवू घातलं, पाय पुसले, वहीत लिहून ठेवलं. म्हणून आज ते आहेत.

हंबीर आता नऊ वर्षांचा आहे. त्याचं प्रजनन कधीच थांबलं, तरी दर जानेवारीत त्याच्या ब्रीडर बाईंना मी पत्र पाठवते. वजन, खुब्यांची स्थिती, डोळे, किती चालतो, कुठे थकतो. त्याची पिल्लं, नातवंडं कुठे कुठे आहेत आणि त्यांच्या जोड्या जुळवताना ही ओळ कामाला येईल, असं त्या म्हणतात. यंदा पत्र लिहायला बसले तर तारखा आठवेनात. मग स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून पाहिलं. नाशिकला परतण्याआधीच्या महिन्यांत आईने एकादशी आणि दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'हंबीर, वजन ३१.' 'उजवा डोळा, थेंब बंद.' 'आज बर्फात दोन फेऱ्या, दमला नाही.' मी ते जसंच्या तसं पत्रात उतरवून काढलं.